वाटपाच्या गोळ्यांतली एक माझी

तपासणी

त्या दिवशी मी सदरा काढला नसता, तर हा आजार मला आणखी दोन-तीन वर्षं कळला नसता आणि तोवर हात पुरता गेला असता. म्हणून झालं ते बरं झालं, असं मी आज म्हणतो. त्या दिवशी म्हणालो नव्हतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचा वाशीमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावच्या शाळेत मी चौथीला शिकवत होतो. वय एकतीस, लग्नाला सात वर्षं झालेली, दोन मुली. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्याचा एक कर्मचारी सायकलवर गावोगाव फिरायचा. इंगोले त्याचं नाव. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं शाळेत येऊन मुलांना ओळीत उभं केलं आणि सदरे काढायला सांगितले. पोरं लाजली, कोणी हलेना. तेव्हा आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणायचे, मला म्हणाले, "तुमी काढा पयले. तुमाले पाहून पोरं काढतील."

मी काढला. पोरं हसली आणि त्यांचेही सदरे निघाले. इंगोले ओळीमागून एकेकाची पाठ पाहत चालला होता. माझ्या मागे येऊन तो थांबला.

"डोळे मिटा गुरुजी. मी कापूस लावतो. जिथं लागला तिथं बोट ठेवून दाखवा."

पोरांना हा खेळ वाटला. मी डोळे मिटून उभा राहिलो. बराच वेळ काही झालं नाही.

"लावा ना," मी म्हणालो.

मग मुलांतून आवाज आला, "गुरुजी, त्याइनं तीनदा लावला."

वर्गभर हसू पसरलं. इंगोलेही हसल्यासारखं करून म्हणाला, "गुरुजीची कातडी जाड हाय," आणि पुढच्या मुलाकडे गेला. हे त्यानं मला वाचवण्यासाठी केलं होतं.

शाळा सुटल्यावर तो सायकल धरून लिंबाखाली थांबला होता. पाठीवर तीन चट्टे आहेत, म्हणाला. माझं कोपर चाचपून पाहिलं आणि विचारलं, "खडू हातातून सुटते का?"

सुटत होता. चार-पाच महिने सुटत होता. उजव्या हाताची करंगळी सकाळी उठल्यावर दुसऱ्याची वाटायची. मी समजत होतो, हात अंगाखाली येत असेल.

"मोठा रोग हाय का?" मी विचारलं. आमच्याकडे त्याचं नाव घेत नसत.

"हाय. पण लवकर सापडला."

"माह्या पोरी?"

"तुमच्यापासून धोका कमी हाय. तरी सगळ्यायले तपासू." त्यानं कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या दिल्या. "रोज एक. पाच वरीस."

"पाच महिने?"

"वरीस, गुरुजी."

घरी

बायकोला सांगायला मला आठ दिवस लागले. ती भाकरी थापत होती आणि मी चुलीशी बसून सांगून टाकलं. सुमननं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. मग विचारलं, "कोणाकोणाले माईत हाय?"

"इंगोलेले. आता तुले."

"मंग तिसऱ्याले नका सांगू."

ती रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट, तांब्या वेगळा झाला. मुलींची अंथरुणं दुसऱ्या खोलीत गेली. इंगोलेनं मुलींना तपासून काही नाही असं सांगितलं, तरी ताट वेगळंच राहिलं. तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं. पण जेवायला बसताना ते ताट समोर आलं की भूक अर्धी व्हायची, हेही खरं.

भीतीपेक्षा थकवा जास्त होता. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मरण समोर दिसत नाही, दुखत नाही, ताप नाही. फक्त रोज एक गोळी. त्या गोळ्यांनी रक्त कमी होई. विहिरीवरून दोन बादल्या आणल्या तरी धाप लागायची. फळ्याकडून टेबलाकडे येऊन बसलो की उठावंसं वाटत नसे. दिवाळी आली, गेली, संक्रांत गेली, आणि चट्टे होते तिथेच. इंगोलेला विचारलं की तो म्हणे, "वाढले नाईत ना? मंग गोळी काम करून राह्यली."

एक दिवस, वर्ष उलटल्यावर असेल, मी जेवायला बसलो तेव्हा ताट कोणाचं हे मला ओळखू येईना. सुमननं सगळी ताटं एकत्र घासून एकत्र लावली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "जेवा. कालवण निवून राह्यलं."

गावातल्या गोळ्या

आसेगावात माझ्याशिवाय आठ जण निघाले होते. इंगोले महिन्यातून एकदा यायचा आणि पाराजवळ पेटी उघडून बसायचा. कोणी येत नसे. जो त्या पेटीपाशी जाईल त्याचं काय आहे हे गावाला कळणार, मग जाणार कोण? तो घरोघर गेला तर लोक आतून सांगायचे, घरी नाही. गोळ्या भरलेली पेटी घेऊन तो परत जायचा.

एकदा तो माझ्याकडे पाणी प्यायला थांबला होता. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घरी सारे येतात. कोणाले चिठ्ठी वाचून पाह्यजे, कोणाले दाखला पाह्यजे. गोळ्या तुमच्यापाशी ठेवल्या तं?"

मी नाही म्हणणार होतो. सुमन आतून म्हणाली, "ठेवा." नंतर मी तिला विचारलं, काहून ठेवा म्हणाली? ती म्हणाली, "दुसऱ्याच्या गोळ्या घरात असल्या तं तुमच्या कोण मोजते?"

असं ते सुरू झालं. लोक अर्ज लिहून घ्यायला येत आणि जाताना पुडी नेत. मी वहीत खूण करी. सगळ्यांना एकच सांगे, नेमानं घ्या, बरं वाटलं तरी सोडू नका. महादूबाबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांच्या पायाला जखम होती. ते एकदा पुडी खिशात घालत म्हणाले, "सांगणं सोपं हाय गुरुजी. रोजच्या रोज खायाचा कटाळा तुमाले काय मालूम."

माझी सकाळची गोळी तेव्हा नुकतीच पोटात गेली होती. मी मान हलवली आणि वहीत खूण केली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तरीही मी बोललो नाही, आणखी वर्षभर.

दवाखान्यातले दोन महिने

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी उजवं कोपर सुजलं. खांद्यापासून बोटांपर्यंत ठणका. गोळ्या चालू असतानाही असं होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. चार दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं. इंगोलेनं एसटीत बसवून मला अकोल्याकडच्या एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. गावात आम्ही सांगितलं, पडून हात मोडला.

वॉर्डात शिरल्यावर मी दारातच उभा राहिलो. खाटेवर बसलेल्या एका माणसाला बोटंच नव्हती. तो मनगटांत वाटी धरून चहा पीत होता. मला वाटलं, उलट्या पावली निघून जावं. इंगोलेनं पाठीवर हात ठेवला. त्याचा हात मला कळला, कारण तो चट्ट्याच्या खाली होता.

तिथला दिवस पहाटे सुरू व्हायचा. हातपाय पाण्यात भिजत ठेवायचे, तेल लावायचं, मग गरम मेण, मग बोटांचे व्यायाम. कोपराला प्लास्टर. दुपारी पडून राहायचं. सुजेच्या गोळ्यांनी तोंड फुगलं, भूक राक्षसासारखी लागे आणि झोप येत नसे. डॉक्टरीणबाई रोज येत. मी एकदा विचारलं, बोटं सरळ होतील ना? त्या म्हणाल्या, "आहेत तेवढी राखू. सरळ होतील असं मी म्हणणार नाही." त्या वेळी राग आला. पुढे वाटलं, त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मी त्यांचं दुसरं काहीच ऐकलं नसतं.

शेजारच्या खाटेवर रिसोडकडचा एक सुतार होता. बोटं नसलेला तोच. रोज संध्याकाळी तो मला हात पुढे करायला लावी आणि उलटेपालटे करून पाही.

"पोळलं का? कापलं का? आपल्याले कळत नाई, म्हणून पाहा लागते. बैलाचे खूर पाह्यतो ना, तसं. मी नाई पाह्यले. मले कोणी सांगतलंच नाई."

"तुमी कधीपासून गोळ्या घेऊन राह्यले?"

"बोटं गेल्यावर," तो म्हणाला.

सुमन दोनदा आली. मुलींना शेजारी ठेवून, दोन एसटी बदलून. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिनं सुताराला आपल्या हातानं भाकरी कुस्करून दिली. परत निघताना मात्र फाटकापाशी थांबून म्हणाली, "मी थकली हो. तुमाले सांगू नाई, पण थकली." मी तिला बसपर्यंत सोडू शकलो नाही. फाटकाबाहेर जायला परवानगी लागे.

गोकर्णा

गावी परतल्यावर सुमननं माझ्यामागे चालू ठेवलेली वही उघडली तर एका नावापुढे तीन महिने खूण नव्हती. गोकर्णा. वीस वर्षांची. तिचे वडील किसनराव शाळेच्या समितीवर होते, चांगली जमीन बाळगून होते. पोरीच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या, गालांवर चकाकी होती. आठ जणांत सगळ्यात जास्त गरज तिला होती. आणि माघात तिचं लग्न ठरलं होतं, कारंज्याकडे.

इंगोले दोनदा जाऊन हात हलवत आला होता. मी शाळेच्या आधी गेलो. किसनरावांनी ओसरीवर बसवलं, चहा सांगितला.

"पोरीच्या गोळ्या बंद काहून केल्या?"

"हळू बोला गुरुजी. लगन होऊ द्या. तिकडं कोणी पुडी पाह्यली तं?"

"पुडी लपते. चेहरा नाई लपत. आणखी एक वरीस गेलं तं सारेच पाह्यतील."

"तुमचं काय जाते बोलाले," किसनराव म्हणाले. रागानं नाही, थकून. "तुमच्या घरी असतं तं समजलं असतं."

मी घरून काही ठरवून निघालो नव्हतो. सुमनला विचारलं नव्हतं. खिशातली पुडी काढली, गोळी तळहातावर ठेवली, चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"माह्या घरीच हाय. मलेच हाय. हा हात मोडला नव्हता."

किसनरावांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. त्यांचा कप खाली गेला. "किती दिवसांपासून?"

"अडीच वरीस होऊन राह्यले."

"आन आमच्या पोरायले शिकोता."

"हो."

आतल्या दारात गोकर्णा उभी होती. ती दोन पावलं पुढे आली. "गुरुजी, पाणी आणताना तुमाले बी दम लागते का?"

"लागते."

"मले वाटे, मलेच लागते."

"आत जा," किसनराव म्हणाले. मी उठलो. माझा कप त्यांनी उचलला नाही, तो तिथेच राहिला.

त्यानंतर

सोमवारी चौतीसपैकी नऊ मुलं आली. किराणावाले हिरालालजी दुकानाच्या पायरीवरच मला थांबवून हळूच म्हणाले, "गुरुजी, सामान मी घरी पाठोतो. तुमी इथं आले तं गिऱ्हाइक नाही येणार. माझं मन साफ आहे, पण धंदा आहे." निदान तोंडावर म्हणाले. रविवारी न्हावी नेहमीसारखा आला. त्यानं वेगळा वस्तरा काढला आणि म्हणाला, "वस्तरा तुमचा अलग ठेवतो, लोकायसाठी. हात तोच राहीन." दाढी करताना त्याचे हात माझ्या गालावर होते, आणि मला डोळे उघडता येईनात.

घरी जास्त कठीण होतं. "मले एकदा विचारलं असतं तं," सुमन म्हणाली. तिचं बरोबर होतं. तिच्या आणि मुलींच्या वाट्याचंही मी एका घोटात सांगून मोकळा झालो होतो. आठवड्यात तिचा भाऊ शेलूबाजारहून जीप घेऊन आला. सुमन मुलींना घेऊन माहेरी गेली. कधी येशील, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मी एकटा स्वयंपाक करू लागलो. एका संध्याकाळी हात पाहिले तर करंगळीवर मोठा फोड होता. तव्याला कधी लागला, माहीत नाही. त्या दिवशी मी दार लावून खूप रडलो. गोळ्या बंद करायचाही विचार केला. तीन दिवस घेतल्या नाहीत. चौथ्या दिवशी महादूबाबा आले. आता त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी स्वतःची पुडी घेतली आणि उठेनात.

"तुमची घ्या माह्यासमोर," ते म्हणाले.

मी घेतली. मग ते गेले.

मोठ्या गुरुजींनी वर काही लिहून कळवलं नाही. मला म्हणाले, "नऊ तं नऊ. तुमी शिकवत राहा." इंगोले त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी शाळेच्या पटांगणात लोकांना बोलावून सांगितलं की ह्या गुरुजींपासून कोणाला होणार नाही, होईल तो लपवून ठेवलेल्या रोगापासून. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या घरी येऊन माझ्या तांब्यानं पाणी घेतलं. ते किती जणांनी पाहिलं, कोण जाणे. मुलं मात्र हळूहळू परतली. सगळी नाही. काही घरांनी आपली पोरं मी त्या गावात असेपर्यंत पाठवली नाहीत.

सुमन दीड महिन्यानं आली. एसटीतून उतरून मुलींचा हात धरून सरळ घरात. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "तिकडं रोज कोणी ना कोणी माह्या हातापायाकडं पाहे. इथं निदान मले माईत हाय, कोणाले काय हाय."

जे उरलं ते

गोकर्णाचं लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. वाजंत्री शाळेपर्यंत ऐकू येत होती आणि मी वर्गात भागाकार शिकवत होतो. ती गेली, गोळ्यांविना गेली, आणि मी हरलो असं धरून चाललो.

पुढच्या दिवाळीत एक तरुण आमच्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा.

"मी किसनरावचा जवाई. गोकर्णानं पाठोलं. गोळ्या पाह्यजेत."

मी त्याला बाहेर अंगणात नेलं. "तिनं सांगतलं तुमाले?"

"पंधरा दिवसांत सांगतलं. म्हणे, आमच्या गुरुजीनं आपल्या तोंडानं सांगतलं, मंग मी काहून लपवू." त्यानं डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. "पयले लय राग आला मले. घरी कोणाशी बोललो नाई. कारंज्याच्या दवाखान्यातून घेतो आता, पण इथं माहेरी आलो आन पुडी सरली. एक दिवस बी चुकवत नाई थे."

मी आतून पुडी आणली. तो निघता निघता थांबला. "मी बी दाखवून घेऊ का?"

"घ्या," मी म्हणालो. "भिऊ नका. पण घ्या."

तुमच्यापैकी कोणाला आज आपल्या रोगाचं हे नाव नुकतंच कळलं असेल, तर मी तुम्हाला धीर धरा असं म्हणणार नाही. धीर रोज धरवत नाही. गोळी मात्र रोज घेता येते, धीर नसलेल्या दिवशीही. आणि घरच्यांना आधी विचारा. मी विचारलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

माझ्या पाच वर्षांची सहा झाली. एका दुपारी इंगोले आला, पेटी सायकलवरून न काढताच त्यानं माझं कार्ड बाहेर काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. "बंद. आता फकत हातपाय पाहत जा." मला काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच वाटेना. आपण बसलेल्या एसटीचा आवाज एकदम थांबावा, तसं झालं होतं.

घरात सुमन ज्वारी पाखडत होती. मी म्हणालो, "गोळ्या बंद झाल्या."

"कायच्या?" ती म्हणाली, आणि मग तिचं सूप थांबलं. तिनं ते भिंतीशी टेकवून ठेवलं. डोळे पुसले नाहीत, हसलीही नाही.

"आता जरा पडा," ती म्हणाली.

मी पडलो. दिवसाउजेडी, अंगावरचा सदरा न काढता. ग्लानी येत होती तेवढ्यात अंगणात कोणाची तरी चाहूल लागली, कोणीतरी गुरुजी आहेत का म्हणून विचारलं. सुमननं दार हळूच ओढून घेतलं. बाहेरून तिचा दबका आवाज आला.

"निजले हायेत. पुडी उद्या न्या."